सत्तर ते शंभरच्या मधल्या रेघा

३ फेब्रुवारी, सोमवार

बंद पडलेलं घड्याळ खोटं बोलत असतं का? डॉक्टरबाईंनी मुलाखतीत मला एवढा एकच प्रश्न विचारला आणि मला त्याचं उत्तर आलं नाही. घरी येईपर्यंत विचार केला, जेवताना केला, आता लिहितानाही करते आहे. नाहीच येत. मी सरळ "माहीत नाही" म्हणाले. त्यावर त्या म्हणाल्या, आधीच्या तिघांना माहीत होतं, म्हणून त्यांना वाटेला लावलं. उद्यापासून ये.

तर मला नोकरी लागली. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी, आणि पहिली नोकरी मनगटी घड्याळांची सूची करण्याची. काका वर्षभर टोमणे मारत होते, की इतिहासाची पदवी घेऊन ही काय भूतकाळात नोकरी करणार. आज त्यांना सांगितलं, हो, तिथेच जागा निघाली.

डॉक्टरबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. पूर्वी ऑपरेशनच्या वेळी भूल द्यायच्या. लग्न केलं नाही, दागिने केले नाहीत, पस्तीस वर्षं एकेक करून घड्याळं जमवली. सगळी जुनी, किल्लीची, सगळी त्या काळी श्रीमंतांच्या मनगटावरची. आज त्यातली काही जगात पाच-सात उरली आहेत म्हणे. एकूण त्रेचाळीस. शहराचं वस्तुसंग्रहालय त्यांच्यासाठी एक अख्खी खोली द्यायला तयार आहे, पण प्रत्येक घड्याळाचा एक अर्ज भरून हवा. डॉक्टरबाईंची अट एकच आहे. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस एकत्र राहिली पाहिजेत. "माणसं विखुरतात ती पुरे," म्हणाल्या.

आई म्हणाली, घड्याळं मोजायला पदवी लागते होय? बाबा ताट घेऊन उठले. त्यांचा सेल, पट्टे आणि चाव्यांचा ठेला मंडईच्या जिन्याखाली आहे. बाजारात त्यांना सगळे सेलवाले म्हणतात. कॉलेजच्या अर्जावर वडिलांचा व्यवसाय मी 'घड्याळ दुरुस्ती' असा लिहायचे. खरं तर ती थोडी शेखीच होती. मागचं झाकण उघडून सेल बदलण्यापलीकडे त्यांनी कधी कुठल्या घड्याळात हात घातलेला मी पाहिला नाही. आज मनात आलं, बाबांनी थोडी धडपड केली असती तर? आणि असं मनात आलं म्हणून वाईटही वाटलं. दोन्ही लिहून ठेवते.

४ फेब्रुवारी, मंगळवार

घड्याळांची खोली मागच्या गल्लीकडे आहे. उथळ कप्प्यांचं लांब कपाट, कप्प्यांत हिरवं कापड, आणि कापडावर घड्याळं अशी निजलेली, की कप्पा ओढताना आपण आवाज करू नये असं वाटतं.

प्रत्येक घड्याळाचा वार ठरलेला आहे. रोज सहा, रविवारी सात. त्या दिवशी त्यांना चावी द्यायची, ती दीड-एक दिवस चालतात, मग आपली आपण थांबतात. पुढच्या आठवड्यात जिथे थांबली तिथून पुढे. चावी देताना दाटलं की थांबायचं. पोट भरलेल्याला आग्रह करायचा नाही.

मी आजच्या सहांना चावी दिली आणि सगळ्यांची वेळ बरोबर लावून ठेवली. पहिल्याच दिवशी काम नीटनेटकं दिसलेलं बरं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

मोठी चूक झाली होती. डॉक्टरबाई घड्याळांची वेळ कधीच लावत नाहीत. प्रत्येक घड्याळ ज्या वेळेला थांबलेलं त्यांच्याकडे आलं, तिथूनच पुढे चालत आलं आहे. म्हणून त्या खोलीत त्रेचाळीस वेगवेगळ्या वेळा नांदतात. सकाळी अकराला एका कप्प्यात पहाट असते, शेजारच्यात दिवेलागण. हे मला आज बोलता बोलता कळलं. बुधवार-गुरुवारी चावी त्यांनीच दिली होती, म्हणून चूक सहांपुरतीच राहिली.

मी लगेच कबूल केलं. गंमत म्हणजे त्यांना पत्ताच नव्हता. तीन दिवस त्या रोज संध्याकाळी ती सहा घड्याळं हातात घेत होत्या, तरी काही बोलल्या नव्हत्या. मला वाटतं, त्यांनी ओळखलं असणार, पण मी आपणहून सांगते का ते पाहत असणार. मोठी माणसं अशीच असतात.

नशीब, की काटे हलवण्याआधी मी सहाही वेळा वहीत टिपून ठेवल्या होत्या. त्या हसल्या, म्हणाल्या, "इतिहासवाली आहेस खरी." आम्ही दोघींनी मिळून सहा घड्याळांना त्यांच्या त्यांच्या वेळेत परत नेऊन सोडलं. मी वेळ वाचायची, काटेही मीच फिरवायचे, त्या नुसत्या शेजारी बसून होत्या. गल्लीत कुणीतरी गाद्या झोडपत होतं, बाकी सगळं शांत.

१२ फेब्रुवारी, बुधवार

डॉक्टरबाई घड्याळाकडे बघत नाहीत. घड्याळ हातात घेतात, अंगठ्याने काचेची कड चाचपतात, अर्धा पीळ चावी देतात, कानाशी धरतात आणि सांगतात: अकरा नंबर, समुद्रातून निघालेलं, एका बोटीच्या कप्तानाच्या बायकोने विकलं. मी आज परीक्षा घेतली, सगळी उलटसुलट करून हातात दिली. त्रेचाळीसपैकी एकेचाळीस बरोबर. आपण घड्याळ म्हणजे काटे समजतो. त्यांचं घड्याळ काट्यांच्या पलीकडे गेलं आहे.

पत्रं, अर्ज, वर्तमानपत्र, सगळं त्या मला वाचून दाखवायला सांगतात. माझं वाचन स्वच्छ आहे म्हणाल्या. मला फार बरं वाटलं.

आणि रोज गेल्याबरोबर विचारतात, आज उजेड कसा आहे? पहिल्या दिवशी "चांगला आहे" म्हटलं, तर म्हणाल्या, चांगला म्हणजे काय, पेशंटसुद्धा चांगलाच असतो मरेपर्यंत. नीट सांग. तेव्हापासून मी नीट सांगते. आज सांगितलं: समोरच्या भिंतीवर साय धरल्यासारखा आहे, आणि तुमच्या कपाटाच्या कडेला पातळ काकवीसारखा.  त्यांनी कपाच्या कडेवरून आत बोट घालून चहा ओतला, एक थेंब सांडला नाही.

येताना मी बसऐवजी पायी आले. रस्त्यावरचा उजेड बघत बघत.

१७ फेब्रुवारी, सोमवार

बेचाळीस अर्ज लिहून झाले. आज शेवटचा कप्पा. त्यात एकच घड्याळ आहे.

नाडी मोजायचं घड्याळ. नव्वद वर्षांपूर्वी स्विस कारागिरांनी डॉक्टरांसाठी अशी थोडी घड्याळं केली होती. दुधावरच्या सायीच्या रंगाची तबकडी, काळे इंग्रजी आकडे, आणि सगळ्यात बाहेर केसासारख्या बारीक रेघांचं कडं. बाजूचं बटण दाबलं की लांब काटा धावायला लागतो. आपण रोग्याची नाडी धरून तीस ठोके मोजायचे आणि पुन्हा बटण दाबायचं. काटा जिथे थांबेल, तिथे कड्यावर लिहिलेलं असतं, मिनिटाला किती. गुणाकार भागाकार काही नाही. रेघा सारख्या अंतरावर नाहीत. सुरुवातीला दाट, मग हळूहळू विरळ, धापा टाकणारा माणूस शांत होत जावा तशा.

डॉक्टरबाईंनी ते बावीस वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याकडून घेतलं. त्याने शपथेवर सांगितलं होतं, की घडल्यापासून या तबकडीला कुणाचा हात लागलेला नाही. बाकीची घड्याळं त्यांनी जपली, हे मात्र वापरलं. नऊ वर्षं, निवृत्त होईपर्यंत, ऑपरेशनच्या खोलीत. यंत्रं होतीच, पण त्यांचं बोट निजलेल्याच्या मनगटावर आणि हे घड्याळ त्यांच्या मनगटावर. "ते चाललेलं असलं, की मला वाटायचं, माणूस परत येणार," म्हणाल्या.

मी भिंगातून तबकडी पाहत बसले. कुठल्याशा बर्फाच्या खोऱ्यात, खिडकीशी बसून, श्वास रोखून रेघ ओढणारा तो माणूस मला दिसायला लागला. त्याचं नाव कुणालाच माहीत नाही. मी ठरवलं, या अर्जात त्याच्याबद्दल दोन ओळी जास्त लिहायच्या. नाव नसलं तरी. निघताना मागे वळून कप्पा पुन्हा एकदा उघडला. कुणाला सांगितलं तर हसतील, पण मला त्या माणसाचा निरोप घ्यावासा वाटला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सावकाश लिहिते. क्रम चुकायला नको.

अर्जात तबकडीवरच्या आकड्यांची नक्कल काढावी लागते. बेचाळीस वेळा मी ती पेन्सिलीने काढली, आणि प्रत्येक वेळी हाताला आपलं वळण मोडून परक्याचं वळण गिरवावं लागलं. आजही एक, दोन, तीन तसेच गिरवले. मग चार काढला, आणि हात अडलाच नाही. न बघता काढला असता तरी तोच आला असता.

वरच्या दोन रेघा मिटलेल्या नाहीत. मध्ये केसभर फट आहे.

मला बाबांनी इंग्रजी आकडे शिकवले तेव्हा सांगितलं होतं, चारचं तोंड मिटायचं नाही, शाई कोपऱ्यात साचते. शाळेतल्या बाईंनी कितीदा खोडून दिला, मी बदलला नाही. आमच्या घरी डब्यांवर, दिनदर्शिकेवर, गॅसच्या नोंदीवर तोच चार आहे.

भिंग लावून पुन्हा पाहिलं. चारच्या टोकाला कुंचल्याच्या एका केसाची ओढ आहे. छापलेल्या आकड्याला अशी नसते. बेचाळीस तबकड्या पाहिल्यावर एवढं मला कळतं.

डॉक्टरबाई शेजारीच बसल्या होत्या. गप्प का झालीस, विचारलं. मी म्हणाले, उजेड बदलला.

मी त्यांच्याशी पहिल्यांदा खोटं बोलले.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

बाबांना विचारलं. ते एका चावीला कानस लावत होते. म्हणाले, बाजारात चार काढणारे काय कमी आहेत? आणि कानस चालूच ठेवली. मी म्हणाले, नाडीचं घड्याळ होतं, बाबा. कानस थांबली.

बोलली ती आई. भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "म्हणजे तेच ते. तू पोटात होतीस तेव्हा हा महिनाभर रोज माझा हात धरून बसायचा. मला वाटलं, लग्नाला तीन वर्षं झाल्यावर आता कुठे प्रेमात पडला. कसलं काय, ठोके मोजत होता."

आणि मग म्हणे, बसून नाडी बहात्तरच्या आसपास येते, पण ह्याला नव्वदही हवी, शहाण्णवही हवी. तर तिला दोन मजल्यांचा जिना चढायला लावायचा. आत्याने बघितलं आणि गावभर केलं, की पोटुशीला छळतो. "छळ कसला," आई म्हणाली, "वर पोचले की खुर्ची तयार असायची. आणि लिंबू सरबत."

बाबांनी मग सांगितलं, ते तुटक तुटक. मी जोडून लिहिते.

बाबा सेलवाले व्हायच्या आधी तबकड्या रंगवायचे. गेलेली तबकडी नव्यासारखी करून द्यायची. त्या कामात त्यांचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. (हे आई म्हणाली.) एका व्यापाऱ्याने नाडीचं घड्याळ आणून दिलं. ओल शिरून तबकडीचा एक तुकडा पार गेला होता, नेमका चारच्या आकड्याचा, आणि त्याच्याबाहेरच्या कड्यावर सत्तर ते शंभरच्या मधल्या सगळ्या रेघा. नुसतं ठिगळ लावलं तर दिसून येतं, म्हणून बाबांनी सगळी तबकडी घासून काढली आणि नव्याने रंगवली. बाकीचे आकडे, बाकीच्या रेघा त्यांनी आधी मोजून, उतरवून ठेवल्या होत्या. पण गेलेल्या रेघांचा नमुना कुठेच नव्हता. त्यांनी हिशेब करून, भागाकार मांडून त्या बसवल्या, आणि आईच्या हातावर तपासल्या. बाबा सातवीपर्यंत शिकलेत.

त्यांना वाटलं, कुणा हौशी माणसाच्या कपाटात जाईल. दोन महिन्यांनी व्यापारी सहज बोलून गेला, की एका भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी घेतलं, रोज वापरतात.

"माणसाची शुद्ध हरपलेली असताना त्या माझ्या रेघा वाचणार," बाबा म्हणाले. "एखादी केसभर सरकली असली तर?"

त्यानंतर त्यांनी कुंचला धरला नाही. डॉक्टरबाईंचा पत्ता काढून सांगायला जायचं त्यांच्या मनात होतं. एकदा त्यांच्या इमारतीच्या फाटकापर्यंत जाऊन परत आले. मग मी झाले. मग जिन्याखालचा ठेला.

मी कॉलेजच्या अर्जावर जे लिहायचे, ते शेखी नव्हतं. कमीच होतं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

संग्रहालयाच्या अधिकाऱ्यांना फोन केला. कुठलं घड्याळ ते सांगितलं नाही, नुसता नियम विचारला. रंगवलेली तबकडी ते घेत नाहीत. विशेष बाब म्हणून घ्यायची तर समिती बसते, आणि मग एका घड्याळासाठी सगळी यादी समितीपुढे जाते. आणि रंगवलेल्याला मूळ लिहिलेलं नंतर उघडकीला आलं, तर सगळी घड्याळं परत.

अर्जात 'तबकडी' असा रकाना आहे. त्यापुढे मूळ, बदललेली, रंगवलेली. एकावर खूण करायची.

'मूळ'वर खूण केली तर कुणाला कळणार? डॉक्टरबाईंना बावीस वर्षांत कळलं नाही. बाबा बोलणार नाहीत. त्रेचाळीस एकत्र राहतील. मी इतकी वर्षं पुस्तकांतून वाचत आले, की लोक नोंदी बदलतात ते लबाडीपायी. आज कळलं, मायेपायीही बदलत असतील.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

सहा घड्याळांना चावी दिली. उजेड सांगितला. अर्ज तसाच.

२६ फेब्रुवारी, बुधवार

सांगितलं. तबकडी मूळ नाही, आणि कुणी रंगवली ते मला माहीत आहे, आणि ते माझे वडील आहेत. एका दमात सगळं.

डॉक्टरबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कप्पा उघडला, घड्याळ काढलं आणि अंगठा काचेवरून गोल गोल फिरवत राहिल्या. घड्याळ आज त्याच्या वेळेने पहाटेचे साडेपाच दाखवत होतं. मग म्हणाल्या, "म्हणजे मी ज्याच्याकडे बघून एवढी माणसं निजवली, तो चेहरा त्याचा नव्हताच."



मग घड्याळ कप्प्यात परत ठेवत त्यांनी विचारलं, वडील येतील का? मी म्हणाले, विचारते.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

बाबा आले. माझ्या पदवीदानाला घातलेला शर्ट घातला होता. फाटकाशी थांबले, जिन्यात थांबले, दारात थांबले. आत आल्यावर हात धुवायला पाणी मागितलं आणि इतका वेळ हात धुतले, की मीच शरमले.

डॉक्टरबाईंनी घड्याळ पुढे केलं. बाबांनी ते घेतलं, पण बघितलं नाही. ते डॉक्टरबाईंकडेच बघत राहिले, फार वेळ. कुणाकडे असं टक लावून बघू नये, हे त्यांनीच मला शिकवलं आहे. मी खोकले. बाबा खुर्ची त्यांच्या अगदी जवळ ओढून बसले आणि म्हणाले, "बाई, मी सांगतो."

आणि सांगायला लागले. मी बाबांना सलग एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. बारापासून सुरू करून एकेका आकड्याशी थांबत, कुठल्या रेघेशी शाई किंचित जाड झाली आहे, कुठे कुंचला उचलला आणि कुठे टेकवला. मग म्हणाले, आता हिच्या खालची सांगतो. ती आता फक्त मलाच ठाऊक आहे.

खालची तबकडी पांढरी नव्हती. जुन्या हस्तिदंतासारखी पिवळी, आणि तिच्यावर बारीक तडे, तळं आटल्यावर मातीला पडतात तसे. दोनच्या आकड्याशी कुणाच्या तरी नखाची खूण. सहाच्या खाली एक ठिपका, कारागिराचा असावा, मुद्दाम ठेवलेला. आणि चारपाशी ओलीचा डाग, त्याची कड निळसर, ढगासारखी. "घासताना वाईट वाटलं," बाबा म्हणाले. "पण व्यापाऱ्याला नवं हवं होतं. आणि मलाही, खोटं कशाला बोलू, नवंच आवडायचं तेव्हा."

डॉक्टरबाई खिडकीकडे तोंड करून ऐकत होत्या. ओलीचा डाग त्यांनी दोनदा सांगायला लावला. एकदाही भिंग मागितलं नाही. मला वाटलं, भिंगातून पाहिलं की पटेल तरी, म्हणून मी पुढे केलं, तर बाबांनी माझा हात हळूच बाजूला सारला.

मग बाबांनी विचारलं. बावीस वर्षांनी.

"बाई, नाडी बरोबर यायची का?"

डॉक्टरबाई म्हणाल्या, पहिलं वर्षभर त्यांनी प्रत्येक वेळी यंत्राशी ताडून पाहिलं होतं. जुन्या वस्तूवर त्यांचा तोवर विश्वास नव्हता. "एकदाही रेघभर चुकलं नाही. मग यंत्राकडे बघायचंच सोडलं."

बाबांनी मान खाली घातली. त्यांचे खांदे हलत होते की पंख्याने शर्ट हलत होता, मला सांगता येणार नाही. डॉक्टरबाईंनी हात पुढे केला, चाचपत त्यांचं मनगट धरलं आणि मला म्हणाल्या, मी मोजते, तू बटण सांभाळ. त्यांच्या ओठांनी तीस ठोके मोजले. मी काटा थांबवला.

"किती?"

"शहाऐंशी."

"घाबरलात," त्या बाबांना म्हणाल्या. "पण आहात तुमच्याच रेघेवर."

बाबा हसले.

परत येताना मंडईशी बाबा थांबले. मग म्हणाले, तू त्यांना रोज उजेड सांगतेस ना, तो नीट सांगत जा, घाई करत जाऊ नकोस. सूची झाली तरी जात जा. माझी ती उजेडाची गंमत बाबांच्या लक्षात राहिली, मला फार आवडलं.

३ मार्च, सोमवार

त्रेचाळिसावा अर्ज लिहिला. 'रंगवलेली'वर खूण केली. शेरा लिहायला एकच ओळ होती, म्हणून वेगळा कागद जोडला. ओल, गेलेल्या रेघा, भागाकार, आईची नाडी, दोन मजल्यांचा जिना, नऊ वर्षं ऑपरेशनच्या खोलीत. खालच्या तबकडीचं वर्णन बाबांच्या शब्दांत, नखाच्या खुणेसकट. त्या खोऱ्यातल्या कारागिराबद्दलच्या दोन ओळी ठरवल्या होत्या, त्याही ठेवल्या. त्याचा ठिपका आता मला माहीत आहे.

डॉक्टरबाई सहीला पेन घेऊन बसल्या होत्या. मी म्हणाले, आधी वाचते. सगळं वाचलं. वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "मूळ लिहिलं असतंस तर मला कळलं नसतं."

मी म्हणाले, तुमच्या नजरेतून काही सुटतं का कधी?

त्या इतक्या हसल्या, की डोळे पुसावे लागले. मग म्हणाल्या, "समितीने नको म्हटलं तर हे एकटं मागे राहील."

"हो."

"आणि समिती सगळ्यांवरच अडून बसली तर?"

त्यालाही मी "हो" म्हणाले. आवाज बारीक आला. मला वाटलं होतं, त्या थांबवतील, आणि थांबवलं असतं तर मी काय केलं असतं ते मला आत्ताही सांगता येत नाही. त्यांनी नुसतं विचारलं, सही कुठे? मी बोट ठेवलं. माझ्या बोटाला पेन टेकवून त्यांनी तिथून सही केली. कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. एवढा विश्वास माझ्यावर आजवर कुणी ठेवला नव्हता.

५ मार्च, बुधवार

सकाळी अर्ज घेऊन संग्रहालयात गेले. खिडकीतल्या अधिकाऱ्यांनी बेचाळीस चाळले, खूश झाले. त्रेचाळिसाव्यावर थांबले. जोडलेला कागद दोनदा वाचला. माणूस वाईट नाही. आवाज खाली आणून म्हणाले, ताई, हा एक काढून घ्या. बेचाळिसांची पोच आत्ता देतो, पुढच्या महिन्यात खोली उघडते. हा ठेवलात तर सगळं समितीपुढे. सहा महिने, वर्षसुद्धा. आणि काय ठरेल ते माझ्या हातात नाही. बाईंचं वय काय म्हणालात?

मी बाकावर जाऊन बसले. बाहेर अंगणात उजेड दगडांवर आडवा पडला होता, विणलेल्या चटईसारखा. जाऊन डॉक्टरबाईंना सांगायचं म्हणून शब्द जुळवत होते. एक अर्ज काढून पिशवीत टाकायचा, एवढंच काम. कुणी मला लबाड म्हटलं नसतं. बाबांनीसुद्धा नाही. पण मग त्या बेचाळिसांच्या खोलीत डॉक्टरबाईंची ऑपरेशनच्या खोलीतली नऊ वर्षं कुठेच नसती, आणि डॉक्टरबाईंनी सही बेचाळिसांवर केली नव्हती.

पुन्हा खिडकीशी गेले. म्हणाले, सगळे घ्या.

त्यांनी उसासा टाकला आणि अर्ज उलटा करून माझ्याकडे फिरवला. मागे एक रकाना कोरा राहिला होता. सूची करणाऱ्याचा वस्तूशी किंवा कारागिराशी संबंध. बेचाळीस वेळा मी तिथे 'नाही' लिहिलं होतं, इतकं सवयीने, की रकाना आहे हेच विसरले होते. अधिकारी म्हणाले, हे भरलंत की समिती पहिला प्रश्न यावरच विचारणार.

मी लिहिलं: आहे. कारागीर माझे वडील. रेघा तपासल्या माझ्या आईने. तेव्हा मी तिच्या पोटात होते.

मग सगळे अर्ज सारखे केले, कडा जुळवल्या आणि खिडकीतून आत सरकवले. त्यांनी शिक्का मारला. पोच घेऊन मी सरळ डॉक्टरबाईंकडे गेले. आज बुधवार, सहा घड्याळांना चावी द्यायची होती.